निळ्या बॉनेटवरचं मळभ

१

इनाल पॅड निवडायला बसला की त्याच्याशी बोलायला जाण्यात अर्थ नसायचा. बाकावर जुना टॉवेल पसरून तो सगळी पॅडं ओळीने मांडायचा. काळं मऊ फोमचं, पांढरं जरा घट्ट, मग मायक्रोफायबरचं, आणि अगदी टोकाला मेंढीच्या लोकरीचं, ज्याला तो सहसा हात लावत नसे. शेजारी पॉलिशच्या बाटल्या. एकेक पॅड अंगठ्याने दाबायचा, उजेडाकडे धरायचा, पुन्हा खाली ठेवायचा.

"पोरगी बघायला गेलेला माणूससुद्धा एवढा वेळ घेत नाही," मी म्हणायचो.

"म्हणून तर तुझ्यासारख्यांचे संसार तसे होतात, रातिब," तो मान वर न करता म्हणायचा.

अम्मानच्या बयादर भागात, जिथे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त पत्रा ठोकल्याचे आवाज येतात, तिथे आमचं गॅरेज. रंगाची फवारणी माझ्याकडे, पॉलिश इनालकडे. तो वादी सीरचा चेर्केस, कॉकेशसमधून इथे येऊन वसलेल्यांपैकी, बोलणं कमी आणि कान तिखट. मी बडबड्या. लोक म्हणायचे, तुम्ही दोघे एकमेकांना सहन कसे करता. मशीन चालू असलं की कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून जमत असावं.

त्याची रीत ठरलेली होती. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश, आणि पत्र्याचा वीतभर तुकडा. तेवढ्याने ओरखडे गेले तर काम तिथेच संपलं. नाही गेले तरच एक पायरी वर चढायचं. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो जेमतेम कागदाएवढा. पॉलिश म्हणजे तो थर किंचित खाणं. इनाल हावरा नव्हता.

उम्म राकान, म्हणजे राकानची आई, आली तेव्हा आम्ही कढईत परतलेले टोमॅटो भाकरीने पुसून खात होतो. गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी ती बसली होती, आणि मागे साखळ्यांनी बांधलेली ती गडद निळी जर्मन गाडी. मी घास तसाच खाली ठेवला. ती गाडी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होती.

तिचा नवरा, उस्ताद नायिफ, मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायचा. इनाल त्याच्याच हाताखाली शिकला. दर हिवाळ्यात अझ्रकच्या पाणथळीवर पक्षी बघायला जायचा उस्तादला नाद होता. असाच एकदा सकाळी गेला. गाडी रस्त्याच्या कडेला सापडली, नीट उभी केलेली, कुलूपबंद. आत सीटवर कॉफीचा थर्मास, कॉफी अजून कोमट. आजूबाजूला क्षितिजापर्यंत काळे दगड. पोलिसांनी शोधलं, वाळवंटातल्या बेदूंनी शोधलं, शाळेतल्या मुलांनी रांगा करून शोधलं. बूटसुद्धा मिळाला नाही. गाडी परत आली आणि उम्म राकानच्या इमारतीच्या तळघरात, आच्छादनाखाली उभी राहिली. पोर लहानाचं मोठं होईपर्यंत.

"राकानचं लग्न ठरलंय," ती म्हणाली. "सून याच गाडीतून घरी यायला हवी. इनाल, बाळा, ते गेले त्या दिवशी जशी होती तशी कर."

"करतो, खाला," इनाल म्हणाला. हात पुसून त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटपाशी जरा थांबला.

२

धुतली, मातीच्या वडीने घासून रंगात रुतलेली धूळ काढली, रबराच्या कडांना चिकटपट्टी लावली. मग बत्ती तिरकी धरून आम्ही बघितलं. सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे, फडक्याने पुसून पुसून पडतात तसे. त्याचं काही नाही. पण बॉनेटच्या मधोमध एक धुरकट ठिपका होता, साधारण ताटाएवढा. थंडीत काचेवर श्वास सोडावा तसा.

"आच्छादनाखाली ओल धरली," मी म्हणालो.

"असेल."

इनालने काळं मऊ पॅड लावलं. बारीक पॉलिशचे थेंब टाकले, मशीन सुरू केलं. आमचं ते मशीन गोल फिरतं आणि फिरता फिरता थरथरतंही. जास्त दाबलं तर थरथर चालू राहते पण पॅडचं फिरणं थांबतं, म्हणून इनाल पॅडच्या कडेला काळ्या शाईने एक रेघ ओढून ठेवायचा. रेघ फिरताना दिसली म्हणजे हाताचा दाब बरोबर.

डावीकडून सुरुवात केली. रेघ फिरत होती. निळा रंग असा खोल होत गेला की मला बोट बुडवून बघावंसं वाटलं. मग मशीन त्या ठिपक्यावर आलं आणि रेघ थांबली.

"दाबतोयस," मी म्हणालो.

त्याने मशीन उचललं, पॅड फिरायला लागलं. टेकवलं, थांबलं. मग त्याने वरचा हात बाजूला घेतला आणि दुसऱ्याने नुसती मूठ सांभाळली. मशीन आपल्या वजनाने बॉनेटवर टेकून घुमत होतं आणि पॅड स्थिर होतं, कुणी दोन्ही बाजूंनी धरून ठेवल्यासारखं.

पॅड खराब असेल. दुसरं लावलं. तसंच. मशीनच्या आत भुगा गेला असेल. दुसऱ्या पत्र्यावर चालवून बघितलं, छान चाललं. पत्र्याला तिथे उंचवटा असेल. मी बोट फिरवलं, पट्टी आडवी ठेवून पाहिलं. सपाट. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. कारखान्यातून निघालेला रंग, बाकीच्या बॉनेटइतकाच. अपघात नाही, पुट्टी नाही, काही नाही.

"जुन्या लॅकरला कधीकधी चिकटपणा येतो," मी म्हणालो. रंगवाल्या माणसाने काहीतरी कारण देणं भाग होतं.

इनाल बॉनेट पुसत होता. "रातिब, इकडे ये. इथून बघ."

ठिपका गेला नव्हता. फक्त त्याच्या कडा आता स्पष्ट झाल्या होत्या, आणि त्या गोल नव्हत्या.

३

पुढच्या पायरीचं पांढरं पॅड लावलं तेव्हा हात दिसले.

हात दिसले असं मी आज म्हणतो. तेव्हा म्हणालो, योगायोग आहे. तळव्यांसारखे दोन डाग, बोटं फाकलेली, आणि त्या दोन्हींच्या मध्ये अजून तसंच मळभ. पत्र्यावर कुणी घामाचे हात टेकवले आणि ते उन्हात तसेच राहिले, तर घामातलं मीठ लॅकर खातं. मी पाहिलेलं आहे. तसं इनालला सांगितलंही.

"घामाचा ठसा पुसट होत जातो," तो म्हणाला. "हा उमटत चाललाय."

त्याच वेळी उम्म राकान डबा घेऊन आली. भोपळ्यात भरलेला भात होता. डबा माझ्या हातात देऊन ती सरळ बॉनेटकडे गेली, आणि आम्ही काही सांगायच्या आत तिने तिथे पाहिलं. मला वाटलं रडेल, किंवा ओरडेल. तिने फक्त पर्स खाली ठेवली.

"फळ्याला ते असेच टेकायचे," ती म्हणाली. "दोन्ही हात पसरून. पोरांकडे पाठ करून हसू दाबायचे."

"खाला, तो ओलीचा डाग आहे," मी म्हणालो.

"असू दे की, बाळा. मी कुठे काय म्हणतेय."

मी तिला खुर्ची आणून दिली. त्या दिवसापासून ती खुर्ची बॉनेटशेजारीच राहिली. ती दुपारी यायची, वेलदोड्याची कॉफी थर्मासातून ओतायची, आणि हळू आवाजात बोलत बसायची. आम्ही दुसऱ्या गाड्यांवर काम करायचो. मशीन बंद झालं की मधले तुकडे कानावर पडायचे. सून कशी आहे. दाराचं कुलूप बदललं नाही ते का. वरच्या मजल्यावरचा वकील मेला. राकानला लहानपणी झोपेत चालायची सवय लागली होती, ती कशी सुटली. बोलताना तिचा चेहरा असा मोकळा व्हायचा की मला तिकडे बघायची लाज वाटायची.

एकदा राकान तिला न्यायला आला. उंच, घाईतला मुलगा. बॉनेटकडे त्याने एकदाच पाहिलं.

"यम्मा, पाण्याचा डाग आहे तो."

"हो रे, राजा."

"मग त्याच्याशी काय बोलतेस?"

"माझ्याशी बोलायला तुला वेळ असतो का?"

राकानने इनालला बाजूला घेतलं. "मुअल्लिम, ते घालवून टाका. वडील गेले तेव्हा मी इतकासा होतो. मी त्यांची वाट बघणं कधीच सोडलं. ती सोडायला लागली होती, आणि आता हे."

इनाल म्हणाला, बघतो. संध्याकाळी शटर ओढताना मी त्याला विचारलं, खरंच बघतोस म्हणजे काय करणार आहेस.

"तिला चेहरा बघायचाय," तो म्हणाला. "मला म्हणाली, अजून एक पायरी. पुढे काही मागणार नाही."

"जाडी मोजलीस?"

"मोजली. एक पायरी निघेल."

"आणि तुला काय बघायचंय, इनाल?"

तो कुलूप लावत राहिला. उस्ताद नायिफने त्याला कधीतरी जगाचा नकाशा काढायला लावला होता आणि बक्षीस म्हणून स्वतःचं पेन दिलं होतं, हे मला माहीत होतं. ते पेन तो कुणाला वापरू देत नसे. मी जास्त ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

४

ती शेवटची पायरी करायची त्या दिवशी वाळवंटाकडून खमासीनचा वारा सुटला. सकाळपासूनच आकाश हळदीसारखं पिवळं झालं, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी शटरं खाली घेतली, कारण ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी दिवस वाया जातो. भर दुपारी आम्ही बत्त्या लावल्या. शटरच्या फटीतून पिवळी रेघ आत येत होती.

मला वाटलं होतं, असल्या वाऱ्यात ती येणार नाही. ती तोंडाला ओढणी गुंडाळून आली, पापण्यांवर धूळ बसलेली.

इनालने त्या दिवशी पॅडं निवडायला फारच वेळ लावला. शेवटी मायक्रोफायबरचं घेतलं, आणि त्यावर जाड कणांचं कापणारं कंपाउंड. उम्म राकान खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून, छायाचित्र काढून घ्यायला बसल्यासारखी.

मशीनचा सूर ठिपक्यावर येताच जड झाला, नेहमीसारखाच, पण यावेळी पॅड पूर्ण थांबलं नाही. अडखळत, रेटत फिरत राहिलं. मला उगीच वाटलं, पलीकडून कुणीतरी मदत करतंय. वारा असा घोंघावत होता की मशीन बंद झाल्याचंही पटकन कळलं नाही.

इनालने फडक्यावर स्पिरिट ओतलं. पॉलिशमध्ये तेल असतं, ते ओरखडे झाकतं. स्पिरिटने पुसल्यावर जे उरतं ते खरं. त्याने एकदा पुसलं, फडकं उलटं करून पुन्हा पुसलं, आणि मागे सरकला.

मी वर्णन करणार नाही, कारण नीट पाहिलं असं मला म्हणता येणार नाही. बत्ती तिरकी धरली की दिसायचं, सरळ धरली की फक्त निळा रंग. काचेला नाक लावून कुणी बघत असावं तसा तो चेहरा होता. गाल बसलेले. खालचा ओठ आत गेलेला. हनुवटीवर विरळ दाढी, एक पापणी जरा लोंबलेली. कपाळ पत्र्याला टेकलेलं, त्यामुळे चपटं. डोळे उघडे होते.

उम्म राकानने माझ्या हातातली बत्ती घेतली. ओणवी होऊन तिने खूप वेळ पाहिलं. बत्ती डावीकडून धरली, उजवीकडून धरली.

"हे ते नव्हेत," ती म्हणाली.

तिने बत्ती आणखी जवळ नेली.

"त्यांचा चेहरा भरलेला होता. मिशा होत्या. हा कुणीतरी म्हातारा आहे." ती इनालकडे वळली. "इनाल, हा कोण आहे? मी याला घरातलं सगळं सांगितलं. सगळं."

इनाल फडक्याची घडी घालत राहिला.

तिने बत्ती बॉनेटवर न ठेवता जमिनीवर ठेवली. तिला त्या पत्र्याला हात लावायचा नव्हता. ओढणी बांधली. मी सोबत येतो म्हणालो, ती नको म्हणाली. शटर मी कमरेपर्यंत उचललं, ती वाकून बाहेर पडली आणि त्या पिवळ्या धुळीत दिसेनाशी झाली.

५

गॅरेजच्या मागच्या अंगाला आमची छोटी खोली आहे, शेगडी आणि दोन स्टुलं मावतील एवढी. आम्ही तिथे जाऊन दार लोटून घेतलं. मी चहात सेजची पानं टाकली.

"मी बॉनेट खरवडून काढतो," मी म्हणालो. "प्रायमर मारून नवा रंग देतो. लग्नापर्यंत होऊन जाईल."

"हं."

"ऊन, सावली, बत्ती. ढगातसुद्धा माणसाला तोंडं दिसतात."

"तिने तोंड पाहिलं, तू पाहिलंस, मी पाहिलं," इनाल म्हणाला. "तिघांनाही एकच ढग?"

मी चहा ओतला. तेव्हा आवाज ऐकू आला. टक, टक, टक. मग थांबून पुन्हा. हलका, सबुरीचा.

"वाळू आहे," मी म्हणालो. "शटरवर येतेय."

इनाल पेल्याकडे बघत होता. "शटर त्या बाजूला आहे, रातिब."

आवाज पुन्हा आला. पत्र्याचाच आवाज होता, पण आमच्या गल्लीत जन्म गेला तरी पत्र्यावर इतक्या अदबीने कुणी ठोकताना मी ऐकलेलं नाही. परक्याच्या घरी अवेळी आलेला माणूस ठोकतो तसं. आम्ही उठलो नाही. चहा गार झाला तसाच प्यायलो. आवाजातलं अंतर वाढत गेलं, आणि मग नुसता वारा राहिला.

त्यानंतरही जरा वेळ जाऊ दिला. मग इनालने दार उघडलं.

बॉनेटवर चेहरा तसाच होता. डावा तळवाही तसाच. उजव्या तळव्याच्या जागी मात्र आता तळवा नव्हता. तिथे शेजारी शेजारी चार लहान गोल ठिपके होते, आवळलेल्या मुठीच्या हाडांएवढे, आणि ते एकाच जागी पुन्हा पुन्हा पडल्यासारखे गडद.

इनालने बाकावरून लोकरीचं पॅड उचललं. निवडलं नाही, टॉवेल पसरला नाही, अंगठा लावून बघितला नाही. थरथरणारं मशीन सोडून त्याने ते जुनं, नुसतं गरगर फिरणारं, मिनिटभरात रंग जाळू शकणारं मशीन काढलं.

"इनाल, थांब. मी खरवडतो म्हटलं ना."

"त्याला वेळ लागेल," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता.

पहिल्या फेरीनंतर पुसलं तेव्हा डोळे नव्हते. केस होते, दोन कान, आणि मानेचा खळगा. मला समजायला क्षणभर लागला. कुणीतरी पाठ केली होती.

दुसऱ्यांदा पुसलं तेव्हा खांदे दिसले, आणि सगळं लहान झालं होतं. तिसऱ्यांदा अजून लहान, अंगठ्याएवढं, जरा वाकलेलं, दगडांतून वाट काढत चाललेल्या माणसासारखं. मी "बस" असं म्हणालो असेन. लोकर निळी व्हायला लागली होती, म्हणजे वरचा थर संपून खाली रंग लागला होता. इनालने मशीन उचललं नाही. जळक्या लॅकरचा वास सुटला. मग बॉनेटच्या मध्यभागी प्रायमरचा राखाडी डाग उघडा पडला आणि तिथे काहीच उरलं नाही.

६

बॉनेट मी रंगवलं. आयुष्यात इतकं चांगलं काम मी क्वचित केलं असेल. इनालने बाकीच्या गाडीला मऊ पॅडने शेवटचा हात मारला आणि राकान गाडी घेऊन गेला. त्याने बॉनेटवरून हात फिरवला आणि आम्हा दोघांना मिठी मारली.

लग्नाच्या दुपारच्या जेवणाला आम्ही गेलो. तंबूत लांब टेबलांवर मनसफची, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटण-भाताची ताटं, आंबट दह्याचा वास, पोरं पायांत. उम्म राकान सगळ्यांकडे जातीने बघत होती. रंगवलेले केस, नवा जांभळा झगा. मला बघून म्हणाली, "खा रे, तुझ्या फवाऱ्यासारखा तूही हवेवर जगतोस." बरं वाटलं. म्हटलं, सावरली.

तेवढ्यात कुवैतहून नायिफचा धाकटा भाऊ आला. शाहिर. कितीतरी वर्षांनी येत होता, विमानाला उशीर झाला म्हणून थेट तंबूत. लोक उठून त्याला भेटत होते. तो चष्मा काढून डोळे पुसत होता, आणि मी त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

गाल बसलेले. दात काढल्यामुळे खालचा ओठ आत गेलेला. एक पापणी लोंबलेली.

उम्म राकान भाताचं ताट घेऊन त्याच्याकडे निघाली होती. ती मध्येच उभी राहिली. ताट कलंडलं नाही. तंबूत सगळे हसत बोलत होते आणि ती दिराच्या तोंडाकडे बघत उभी होती. शाहिर पुढे होऊन म्हणाला, "वहिनी, ओळखलं नाहीत? म्हातारा झालो मी."

मी इनालकडे वळलो. तो माझ्या शेजारी बसला होता. आता त्याची जागा रिकामी होती.

७

ती गॅरेजात आली ती एका स्वच्छ सकाळी, राकानच्याच गाडीतून, त्याच निळ्या. राकान किल्ली आमच्याकडे देऊन कामावर निघून गेला. ती बॉनेटसमोर उभी राहिली. त्यात आकाश दिसत होतं, आणि तिचा झगा.

"छान केलंस, रातिब."

मी खुर्ची आणली. ती बसली नाही.

"इनाल, ते तेच होते."

"होय, खाला."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

इनाल हातातलं फडकं पिळत होता, कोरडंच. "माझ्या वहीत चूक सापडली की उस्ताद रागवायच्या आधी माझ्याकडे बघायचे. तसेच बघत होते."

"मग बोलला का नाहीस, बाळा?"

"तुम्ही नाही म्हणालात. बायको नाही म्हणते, तिथे मी कोण बोलणार?"

तिने मान हलवली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी मिशा शोधत बसले," ती म्हणाली. "माझे केस पांढरे झाले, गुडघे गेले, पोराला बायको आली. त्यांना मात्र मी, ते गेले तेव्हाच्याच वयाचं ठेवलं होतं. ते कुठेतरी म्हातारे होत असतील असं मला कधी वाटलंच नाही." तिने पहिल्यांदाच बॉनेटवर बोट टेकवलं. "पुन्हा नाही का रे काढता येणार? अगदी हलक्या हाताने?"

"हा रातिबचा नवा रंग आहे, खाला," इनाल कसंबसं म्हणाला. "जुनं मी सगळं जाळलं."

गल्लीत कुठेतरी पत्रा ठोकायला सुरुवात झाली. आम्ही दोघे एकदम दचकलो. तिच्या ते लक्षात आलं नाही.

"मी गेल्यावर काय झालं?" तिने विचारलं.

इनालने माझ्याकडे पाहिलं. सांगायचं मलाच होतं.

"त्यांनी पाठ फिरवली, खाला. आणि निघून गेले."

"लगेच?"

"नाही. आम्ही मागे जाऊन चहा प्यायलो. परत आलो तोवर ते तिथेच होते."

तिने हे मनात घोळवलं. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, जवळजवळ समाधानासारखं. "राग फार चटकन यायचा त्यांना," ती म्हणाली. "तरी तेवढा वेळ थांबले."

ओढणी सारखी करून ती चढावाच्या रस्त्याने घराकडे चालू लागली. गाडीत बसा, सोडतो, असं मी म्हणालो नाही. इनालने बाकावरचा टॉवेल उचलून झटकला, घडी घातली, आणि पुन्हा पसरला. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बघत होतो. हाक मारून तिला थांबवता आलं असतं. त्यांनी आत येण्यासाठी ठोकलं होतं, आणि आम्ही दोघांनी ते ऐकलं होतं, हे सांगता आलं असतं.

आम्ही शटर पूर्ण वर केलं आणि कामाला लागलो.